कापलेल्या तुकड्यातला उजेड

भूतखेत, करणी, चकवा — आमच्या घरात यातलं काहीच चालत नाही. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेलं घर, त्यात मी पूर्णेच्या शाळेत विज्ञान शिकवतो. असले अनुभव सांगणाऱ्यांची मी आजवर मनसोक्त खेचत आलोय. आता तुमची पाळी... खेचा.

माझी भाची प्रज्ञा परभणीच्या एका कॉलेजात पीएचडी करते. सर्किट बोर्डावर तांब्याऐवजी पारदर्शक पॉलिमरची केसासारखी बारीक वाट काढायची आणि तिच्यातून प्रकाश पाठवायचा, हा तिचा विषय. भानगड एकच — वाटेत प्रकाश गळतो. गळती कमी झाली नाही तर काम बंद, असं तिच्या गाइड सरांनी बजावलेलं. त्या दुपारी ते तपासायला येणार होते. मी डबा घेऊन गेलो आणि धीर द्यायला थांबलो.

गळती मोजायची रीत मोठी निर्दय. अशी वाट असलेल्या पट्टीच्या एका टोकातून लाल लेसर सोडायचा, दुसऱ्या टोकाला किती पोचला ते मोजायचं. मग पट्टी कापून आखूड करायची आणि पुन्हा मोजायचं. वाट आखूड झाली की प्रकाश जास्त पोचतो. त्या फरकावरून गळती कळते.

प्रज्ञानं पट्टी कापली. प्रकाश कमी झाला.

"टोक खरबरीत राहिलं असंल," मी म्हणालो.

तिनं ते घासून गुळगुळीत केलं. आकडा तोच.

"मामा, असं कसं व्हायलंय?"

तेवढ्यात मला बशीत पडलेला कापलेला तुकडा दिसला. लाल... आतून पेटल्यासारखा.

"लेसर बंद कर बरं."

तुकडा विझला. चालू केला — पेटला. पट्टी आणि तुकडा यांच्यामध्ये हातभर मोकळी जागा. मी तुकडा स्टीलच्या डब्यात टाकला, झाकण किलकिलं करून पाहिलं. तरी तेच.

"सर येतीलच आता," प्रज्ञा रडकुंडीला आली.

मग मी माझी अक्कल चालवली: हा तुकडाच पट्टीतला प्रकाश ओढत असला, तर त्याला लांब न्यावं. तुकडा खिशात घातला अन् स्कूटर काढली. जसा लांब जाऊ लागलो, तसा तिकडं तिचा आकडा सुधारत गेला. स्टेशनपाशी थांबून फोन केला.

"लय भारी यायलाय, मामा."

"मग सर जाईपर्यंत मी इथंच."

खिशावर हात दाबून बसलो. तरी बोटांच्या फटींतून लाल दिसतच होतं. चहावाला म्हणाला, "काका, खिशात मोबाईल जळायलाय का?"

फोन वाजला. "मामा, परत या. मी सरांना सांगून टाकलं."

"येडी हायस का? काम बंद करतील ते."

"करू द्या. असला आकडा घेऊन मी काय करू?"

परत गेलो. सरांनी स्वतः लेसर लावला. तुकडा पेटला. त्यांनी खिडक्या झाकल्या, तुकडा उलटासुलटा केला, चिमट्यात धरून दारापर्यंत नेला. मग खुर्चीत बसून पाणी मागितलं.

"मी काम बंद कर म्हणायला आलो होतो," ते शेवटी म्हणाले. "आता कसं म्हणू? आपण जो प्रकाश गळाला म्हणतो, तो जातो कुठून ते आधी बघ."

अन् मुदतवाढीवर सही केली.

तुकडा अजूनही पेटतो. सरांनी आणखी दोघा प्राध्यापकांना दाखवला, त्यांनीही आधी खिडक्याच झाकल्या. कारण विचारलं की प्रज्ञा चिडते. आणि मी? प्रकाश सरळ रेषेत जातो, हे वाक्य हल्ली वर्गात जरा हळू आवाजात शिकवतो.