म्हाळूमामांचं लेंडीखत

कवठे येमाईच्या म्हाळूमामांनी मेंढ्या विकल्या आणि ऐन पन्नाशीत ते उद्योजक झाले. भावकीच्या मेंढवाड्यांवरून लेंडी आणायची, कुटायची आणि खत म्हणून पिशव्यांत भरून विकायची. पिशवीवर त्यांनी इंग्रजी नाव छापून घेतलं. ते त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं. मोबाइलवर जाहिरातही टाकली. चार महिन्यांत एकच फोन आला, आणि त्या माणसाला बोकड हवा होता.

शेवटी बानूबाईंनी नवऱ्यासाठी रांजणगावच्या एका कारखान्यात वॉचमनची जागा पाहिली. सोमवारी आठला गेटवर हजर, नाही तर जागा दुसऱ्याला. घरात साठ पिशव्यांची थप्पी होती. आल्यागेल्याला तिच्यावरच बसवत.

शनिवारी तिच्यावर गौतमी बसली. नवे धंदे का तगतात नि का बुडतात, यावर पुण्यातल्या एका संस्थेचं संशोधन चाललं होतं. ती फॉर्म भरून घेत हिंडत होती.

“मामा, भांडवल?”

“मेंढरं.”

“अनुभव?”

“मेंढरांचाच.”

“गावाबाहेरचे किती जण तुम्हाला नावानं ओळखतात?”

मामा बोटांवर मोजू लागले. न्हावऱ्याचे आप्पा, पारगावचे दोघे भाऊ, केडगाव स्टेशनापलीकडच्या सोजरबाई... तीस वर्षं मामांचा कळप खतासाठी या सगळ्यांच्या रानात बसला होता. रकाना भरला, समास भरला. गौतमीनं कागद उलटा केला.

“यांतल्या कितीजणांना खत विचारलंत?”

“ह्यांना? वळखीच्या माणसाला इकायचं म्हंजी लाज वाटती.”

चुलीपाशी भाकरीची थाप थांबली. “तीस वरसं त्यांच्या रानात लेंड्या पाडीत हिंडला, तवा न्हाई वाटली?” बानूबाई म्हणाल्या. “उद्या टेम्पो काढा. आन् परवा आठला गेटवर.”

न्हावऱ्यात आप्पांनी वीस पिशव्या घेतल्या, पण जेवल्याशिवाय सोडलं नाही. पारगावच्या भावांनी दहा-दहा घेतल्या. त्यांचं आपसांत बोलणं बंद, म्हणून चहा दोनदा. केडगावात सोजरबाईंनी उरलेल्या उतरवून घेतल्या.

“मेंढरं आणायचास तवा चार-चार दिस ऱ्हायचास,” त्या म्हणाल्या, “आन् आता लगीच निघालास व्हय?”

सोमवारी साडेआठला मामा त्यांच्या उसाच्या बांधावर उभे असताना बानूबाईंचा फोन आला.

“गेटवर हाय न्हवं?”

“न्हाई. केडगावात. समद्या पिशव्या गेल्या.”



“मग रिकामा टेम्पो आणू नका. वाटंत माझ्या भावाचा वाडा हाय, लेंडी भरून आणा.”