अर्ध्या नावांची पत्रिका

“तिचं आडनाव छापायचं कशाला? सगळ्यांना माहीतच आहे,” नेपथ्य करणारा म्हणाला. त्यानं दोन खिळे ओठांत धरले होते, त्यामुळे शब्द चेपून बाहेर आले. फळी धरून उभा असलेला दुसरा हसला. मी चार हातांवर सतरंजीवर बसून आमच्या नाटकाची पत्रिका लिहीत होते. मी त्यांना दिसत होते. पण मी कधी काही बोलत नसे, म्हणून मला ऐकूही येत नसावं असं बहुतेकांना वाटायचं.

आमच्या मंडळीत आडनाव नव्हतं, हा नियमच होता. गारखेड्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये तालमी चालायच्या. नवा माणूस आला की आमचे दिग्दर्शक, ज्यांना सगळे सर म्हणायचे, त्याला दारातच सांगायचे, “चपला आणि आडनाव बाहेर.” पत्रिकेतही फक्त पहिलं नाव. विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही यावरून तेव्हा अख्खं शहर तापलेलं होतं. मोर्चे निघत, बाजार बंद होत, आणि वर्षानुवर्षांचे शेजारी एकमेकांना बघून दुसऱ्या बाजूनं चालत. अशा दिवसांत इथं कुणी कुणाची जात काढणार नाही, हे सरांनी मनापासून धरलं होतं. सुरुवातीच्या एका प्रयोगानंतर कुणीतरी पत्रिकेतली नावं वाचून ‘हे कुणाचं नाटक’ याचा हिशेब मांडला होता, तेव्हापासून.

मला तो नियम फार आवडायचा. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, आणि तिथं हजेरीला दहा वर्षं मला आडनावानंच हाक मारली गेली. त्या एका शब्दात आमची शेती, चुलत्यांच्या ओळखी, वडिलांची गाडी, सगळं यायचं. या सतरंजीवर मी पहिल्यांदा नुसती मी होते. तेवढ्यासाठी मी यायचे. नाहीतर मला नाटकात काम करायची छातीच नव्हती. अक्षर बरं म्हणून पत्रिका माझ्याकडे, आणि उच्चार स्पष्ट म्हणून प्रयोगाआधीचं निवेदन. माइक विंगेत असायचा, कुणाला दिसावं लागत नसे.

नेपथ्यवाला ज्यांच्याबद्दल बोलत होता त्या ताई आमच्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या होत्या. वाळूजच्या एका कारखान्यात पॅकिंगला. कंपनीची बस त्यांना चौकात सोडायची, तिथून त्या पायी यायच्या, माठातलं पाणी प्यायच्या आणि थेट उभ्या राहायच्या. या नाटकातलं आईचं मुख्य काम त्यांचं होतं. आदल्याच दिवशी, पत्रिकेचा मजकूर ठरत असताना त्या म्हणाल्या होत्या, “माझं पूर्ण नाव घाला. बापाचं नाव, आडनाव, समदं.”

सर हसले. “ताई, ते आपण बाहेर ठेवलंय ना?”

“तुमचं बाहेर बी सांभाळून ऱ्हातंय. माझं कंपनीत सुपरवायझर रोज घेतो गेटवर, लांबवून लांबवून. एकदा चांगल्या कामाला कुणी घ्यावं.” मग जरा थांबून म्हणाल्या, “आन् बाप येणारे बघायला. विद्यापीठाच्या नावासाठी आठ दिवस आत बसून आलाय त्यो. माझ्या पोरीनं नाव झाकलं म्हणल.”

सर म्हणाले, उद्या गोलात ठरवू. आमच्याकडे असे निर्णय गोलात बसून व्हायचे. प्रत्येकानं बोलायचं, कुणी कुणाला तोडायचं नाही, हा सरांचा दुसरा नियम.

त्या संध्याकाळी गोल बसला. नेपथ्यवाला म्हणाला, “अपवाद केला की नियम गेला.” एक जण म्हणाला, “ताई, गावातलं वातावरण बघा. नाट्यस्पर्धेतला प्रयोग आहे, समोर कोण बसलेलं असेल, काय सांगावं?” दिव्यांचं काम बघणारा आपल्या नखांकडे बघत हळू म्हणाला, “मला नियम लागतो. माझे घरमालक नाटकाला येतात. त्यांना माझं अर्धंच नाव माहीत आहे.”

“तुझं नको लिहू दे की. मी तुझं मागायले का?” ताई म्हणाल्या. सगळे हसले, तोही हसला.

माझी पाळी आली. मी पेनाचं टोपण काढत होते, घालत होते. काय म्हणायचं ते मला नीट माहीत होतं, आणि तरी मी म्हटलं, “मला काही म्हणायचं नाही.”

“म्हणजे नियमाच्या बाजूनं,” सर म्हणाले आणि पुढच्याकडे वळले. शेवटी एका मतानं नियम टिकला.

ताई चपला घालताना माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “मॅडमचं मत कुटं गेलं? टोपणात?”

त्यानंतरचे दिवस मला धड बसवेना. पत्रिका मी तीनदा लिहिली. अक्षर चांगलं येत होतं, तरी कागद फाडले. मंडळीच्या कात्रणांची फाइल माझ्याकडे असायची. ती उगाच चाळताना दिसलं, की वर्तमानपत्रातल्या प्रत्येक परीक्षणात सरांचं नाव पूर्ण छापलेलं आहे. ते अर्धं करा असं कधी कुणी कळवलं नव्हतं. सर लबाड नव्हते. त्यांच्या ते लक्षातच आलं नव्हतं, आणि फाइल जपणाऱ्या माझ्याही नाही. आमच्यासारख्यांनी आडनाव बाहेर ठेवलं तरी ते चोरीला जात नाही, उलट कुणीतरी आणून देतं. सोडायला सोपं होतं आम्हाला.

प्रयोगाच्या दोन दिवस आधी मी ताईंबरोबर चौकापर्यंत चालत गेले. माफी मागायची होती, जमली नाही. त्याच म्हणाल्या, “पत्रिकेचं एवढं काय नाय. बापाला वाचाया येत नाय. त्यो ऐकणार.” आणि आलेल्या बसमध्ये चढल्या.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी, छापून आलेल्या पत्रिकेच्या समासात मी पेन्सिलीनं निवेदनात वाचायची दोन पूर्ण नावं लिहिली. ताईंचं एकटीचं वाचलं असतं तर बोट दाखवल्यासारखं झालं असतं, म्हणून आधी माझं. दिवेवाल्याला गाठून विचारलं, “तुमचं?” तो वायर गुंडाळत म्हणाला, “राहू दे.” म्हटलं, बरं.

मग रंगपटात जाऊन पत्रिका ताईंपुढे धरली. एक भुवई रंगवून झाली होती. त्यांनी समासावरून बोट फिरवलं.

“तुझं बी?”

“हो.”

“सरांना इचारलं?”

“नाही.”

त्या आरशात बघून दुसरी भुवई रंगवू लागल्या. “मंग वाच. पर सावकाश. बापाला कमी ऐकू येतं.”

तिसरी घंटा झाली. सर माझ्याशेजारी विंगेत उभे होते. पडद्याच्या फटीतून तिसरी रांग दिसत होती. पांढऱ्या सदऱ्यातला एक म्हातारा, अजून काही सुरू झालेलं नसताना, कानामागं हात धरून बसला होता. सरांनी मान हलवली, कर सुरू. माझा पहिला श्वास माइकमधून सगळ्या नाट्यगृहात ऐकू गेला. मग मी म्हणाले,

“रसिकहो, पत्रिकेत आमची नावं अर्धी छापली आहेत. त्यातली दोन मी आता पूर्ण वाचणार आहे. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.”