प्रेमलताबाईंचे अकरा शब्द

सक्करदऱ्याच्या आमच्या गल्लीत १९६७ साली दुपारच्या वेळी इंग्रजी वाचणारं माणूस एकच होतं, प्रेमलताबाई. वर्ध्याच्या मॅट्रिक. त्यांचे यजमान मधुकरराव कोर्टात कारकून. त्यांनाही इंग्रजी यायचं, पण ते घरी येणार संध्याकाळी सहाला आणि तारवाला यायचा दुपारी. तार बहुधा इंग्रजीत. त्याची सायकल ज्या दारात थांबे तिथे रडारड आधी सुरू व्हायची, मग कोणीतरी कागद घेऊन प्रेमलताबाईंकडे पळायचं. त्या यायच्या, वाचायच्या आणि सरळ सांगून टाकायच्या.

दहा वर्षांत त्यांनी जन्मही वाचले, नोकऱ्याही वाचल्या. लोकांच्या लक्षात राहिली ती मरणं. मग बायका म्हणू लागल्या, बाई काळ्या जिभेची आहे. त्या नुसत्या विरजण मागायला आल्या तरी घरधनिणीचा चेहरा उतरायचा. ते त्यांना दिसत असे. आपण दारात आलो तर बाईनं 'या' म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि तेवढंच त्यांना मिळत नव्हतं.

मिलमधल्या धोंडबाची बायको कांताबाई प्रेमलताबाईंपासून दोन घरं सोडून राहायची. तिच्या मुलीचं, शामलाचं, डोहाळजेवण झालं. सगळी गल्ली बोलावली, प्रेमलताबाई सोडून. मी गेले होते. तीन पुरणपोळ्या खाल्ल्या आणि त्या का दिसत नाहीत हे विचारलं नाही. आज लाज वाटते. तेव्हा वाटली नाही, हेही खरंच.

पुढच्या सोमवारी प्रेमलताबाईंनी जाहीर केलं, ज्यांना आपली तार आपण वाचायची असेल त्यांनी दुपारी दोनला माझ्या ओसरीवर यावं. पहिली आली कांताबाई. तिचा विचार साधा होता. आपल्याला वाचता आलं की ही बाई आपला उंबरा चढणार नाही. प्रेमलताबाईंनाही तार वाचायला कोणाचा उंबरा चढायचा नव्हता. दोघींचं इतकं कधीच जमलं नव्हतं.

आम्ही सहाजणी गहू निवडत बसायचो. प्रेमलताबाई पाटीवर फक्त मोठी अक्षरं काढायच्या. तारेत लहान अक्षरं येत नाहीत, मग उगाच डोक्याला ताप कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी सुरुवात केली 'सन' म्हणजे मुलगा आणि 'सेफ' म्हणजे सुखरूप यापासून. कांताबाईनं हात वर केला.

"बाई, पहिले मरणाचा शब्द शिकवा. तो कागदात नाही एवढं समजलं का बाकीचं आरामात वाचू."

प्रेमलताबाईंनी पाटी पुसली. मग त्यांनी 'एक्स्पायर्ड' लिहिलं आणि दुसऱ्या अक्षरावर बोट ठेवलं. ही फुली. फुली दिसली की समजायचं. 'स्टार्ट' म्हणजे निघा. 'इमिजिएटली' कोणाच्या जिभेवर चढेना, तेव्हा त्यांनी सांगितलं, तारेतला सगळ्यात लांब शब्द दिसला की तो 'लगेच'.

"एवढा लांब शब्द वाचतवरी गाडी सुटून जाईन," कांताबाई म्हणाली. "इंग्रजाले घाई नसन."

त्या दिवशी प्रेमलताबाईंना मी पहिल्यांदा हसताना पाहिलं.

असे अकरा शब्द झाले. वर्ग दीड महिना चालला आणि बंद पडला, कारण आणखी शिकायची कोणाला गरज नव्हती. यमुताईनं भाऊ येणार असल्याची तार स्वतः वाचली आणि गल्लीभर गूळ वाटला. आता प्रेमलताबाईंकडे कोणी पळत नव्हतं. पण 'या' म्हणून बोलावतही कोणी नव्हतं. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय.

माघात कांताबाईकडे तार आली. त्या संध्याकाळी मी प्रेमलताबाईंच्या ओसरीवर बसले होते. कांताबाई आली आणि पायरीवरच बसली. भिलाईला असलेले तिचे थोरले दीर, धोंडबाचे भाऊ नत्थूजी, वारले होते.

"बारा वाजता आली तार," ती म्हणाली. "फुली दिसली. लांबवाला शब्दही दिसला. पण गाडी सातची. ह्यायले मिलमध्ये निरोप देऊन काय करू? मंग बॅग भरली. भाकरी टाकल्या. हे चारले आले, म्हटलं, पहिले जेवून घ्या. जेवता जेवता भावाचीच गोष्ट सांगून राहिले होते, होळीले बोलावू म्हणे. मी वाढत होती. हात धुतले, मंग सांगितलं. आता बसवून आली गाडीत."

प्रेमलताबाईंनी पाणी आणलं. तिनं तांब्या हातात धरला, प्यायली नाही.

"चार घंटे मी एकटी होती बाई त्या कागदापाशी. तुम्ही येऊन सांगत होत्या तं मले वाटे, हिले काहीच होत नाही. चार डाव उठली तुमच्याकडे याले. पण शामलीच्या जेवणाले तुमाले बोलावलं नव्हतं. कोणतं तोंड घेऊन येऊ?"

प्रेमलताबाई तिच्याजवळ पायरीवर बसल्या.

"कांता," त्या म्हणाल्या, "तारवाला आला तवापासून मी तुले दारातून पाहून राहिली होती. मलेही येता आलं नाही."