कुर्बानीचे तीन वाटे

त्राव्निक गावाच्या वरच्या आळीत कुर्बानीच्या ईदेला हाय्रोच्या घरचं मटण दारोदार पोचवायचं काम त्याच्या मुलीकडे, इल्हानाकडे असे. कुणाकडे खाणारी तोंडं किती, कुणाला हाडाचं चालतं, कुणाचा कुत्रा नुसताच भुंकतो, सगळं तिला पाठ. यंदा वसंतात आईबापांचा घटस्फोट झाला आणि ती आईबरोबर खाली गावात, दोन खोल्यांत राहायला गेली. तरी ईदेच्या सकाळी ती हजर झालीच. पंधरा वर्षांच्या पोरीकडे जुन्यातलं तेवढंच उरलं होतं, ते कशाला सोडेल?

गॅरेजमधल्या टेबलावर फाहरेता आत्या तीन ढीग लावत होती. एक घरचा, एक नातेवाइकांचा, एक शेजाऱ्यापाजाऱ्यांचा. आत्याची सुरी आणि जीभ सारख्याच वेगाने चालत. इल्हानाने पिशव्या भरून आळीत वाटल्या, परत आली, उरलेल्या पाहिल्या.

"आईची कुठेय?"

आत्याने भावाकडे पाहिलं. हाय्रो नळाखाली सुऱ्या धूत होता.

"शेजाऱ्यांतून दे," तो म्हणाला.

"शेजाऱ्यांतून? बाबा, ती पार नदीपलीकडे राहते."

"मग काय करू? घरची राहिली नाही, नात्यातली राहिली नाही. हे काय मी ठरवलं?"

"निम्मं तूच ठरवलंस," आत्या मान वर न करता म्हणाली.

"आणि मी कशात?" इल्हानाने विचारलं.

"तू घरची. हा काय प्रश्न झाला?"

"मग माझा वाटा द्या. जिथे जेवते तिथे नेते."

हाय्रोने नळ बंद केला. घरच्या ढिगातून खांद्याचा तुकडा निवडला आणि पिशवीत घातला. मेवलिदाला, म्हणजे त्याच्या आधीच्या बायकोला, खांदाच आवडायचा. इल्हानाला बापाचा राग होता आणि त्याची कीवही आली. दोन्ही एकदम आल्यामुळे रडायचं तेवढं राहून गेलं.

मेवलिदाने दारातच पिशवी ओळखली. "त्याच्या घरचं काही आणू नकोस म्हटलं होतं ना?"

"त्यांचं नाही. माझ्या वाट्याचं आहे."

आईने पिशवी उघडली, तुकडा पाहिला. मग कापायची फळी धुतली, सुरी घेतली आणि तुकड्याचे तीन भाग केले.

"अगं आई, एवढ्याशाचे कसले वाटे?"

"हे घर आहे ना? मग वाटे नकोत का?"

एक भाग पातेल्यात गेला. दुसरा, शेजाऱ्यांचा, खालच्या सलूनवाल्या रुझासाठी बांधला. तिसरा तिने इल्हानाच्या हातात दिला. "हा नातेवाइकांचा. बाबांना देऊन ये."

"त्यांचंच मटण त्यांना?"

"माझा तो आता कुणी लागत नाही. पण तुझा बाप आहे. म्हणजे या घराचा नातेवाईक झाला."

"टोमणा मारतेयस ना?"

"मारतेय थोडासा," मेवलिदा म्हणाली. "पण नुसता टोमणा नाही तो. जा, आणि लवकर ये. जेवायची थांबते मी."

इल्हाना पुन्हा चढण चढून वर गेली. दार हाय्रोनेच उघडलं.

"काय विसरलीस?"

"काही नाही. आमच्या घरून वाटा आणलाय."

आतून आत्या हसली. हाय्रोने पिशवीत डोकावून पाहिलं. खांद्याचं मटण त्याने ओळखलं. ओले हात पँटला पुसून त्याने पिशवी दोन्ही हातांनी घेतली.

"अल्लाह कबूल करो," तो म्हणाला.

दुसऱ्या घरून वाटा आला की घेणाऱ्याने हेच म्हणायचं असतं. सकाळपासून दारोदार ती हे ऐकत होती आणि प्रत्येकाला हसून उत्तर देत होती. सकाळी तिला 'घरची' म्हणणारा बाप आता तिला तेच म्हणत होता. ती उंबऱ्याबाहेर तशीच उभी राहिली.