धाकट्या जावेचे व्हिडिओ

माझी लेक माझ्या धाकट्या जावेकडे राहते, वर्ध्याजवळच्या आमच्या गावी. मी आणि माझे मालक भोपाळला. बाग सेवनिया वस्तीत एक खोली आहे, दोघंही दिवसभर बाहेर, पोरीला कोणाच्या भरवशावर ठेवायचं? म्हणून तिकडे ठेवली. ठरवलं मीच. जावेला दोन मुलगेच आहेत, ती माझ्या पोरीला जीव लावते. हे सगळं मी लोकांना हसत सांगते.

मग भाद्रपदात भुलाबाई बसली आणि जावेने व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. आमच्याकडे कोजागिरीपर्यंत महिनाभर मुली संध्याकाळी घरोघर जाऊन भुलाबाईची गाणी म्हणतात. गाणी झाली की त्या घरची बाई झाकलेला डबा हलवून विचारते, ओळखा खिरापत. मुली आवाजावरून ओळखतात, नाहीतर हरतात. पहिल्या व्हिडिओत डबा जावेच्या हातात होता आणि माझी लेक सगळ्यांच्या पुढे. तिचा भांग तिरपा पाडला होता. मी सरळ पाडते. खाली लिहिलं होतं, आमची परी.

कोणाची?

मी तो व्हिडिओ अरेरा कॉलोनीतल्या घरात पोळ्या लाटता लाटता पाहिला. तिथे मी स्वयंपाक करते. माणसं चांगली, मराठी, पुण्याकडची. माझ्यासारख्या सातवीत शाळा सुटलेल्या बाईला त्यांनी ओट्यासकट सगळं घर सोपवलं. फोनसुद्धा तिथल्या ताईंनीच दिलेला, त्यांचा जुना. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. काम जाईल ही भीतीही कधी सुटत नाही, म्हणून फोन डब्याला टेकवून, आवाज बंद करून पाहायची. गाण्यांचे शब्द मला येतातच.

साहेब कुठल्याशा मोठ्या कंपनीत वरच्या हुद्द्यावर आहेत, काम घरूनच करतात. लोक फोनमध्ये जे दिवसभर पाहतात, त्यात कोणाला काय दाखवायचं हे ठरवणारं यंत्र त्यांची माणसं बनवतात, एवढं मला समजलं होतं. शहरातल्या मराठी मंडळात ते या विषयावर बोलणार होते. त्याची तयारी जेवणाच्या टेबलाशी चालली होती. समोर ताई, बाजूला त्यांची मुलगी वरणभात कालवत बसलेली. त्या घरात मुलांना फोन नाही, आणि जेवताना मोठ्यांचेही फोन फ्रिजवरच्या टोपलीत जातात.

साहेब म्हणाले, "तुम्ही एखाद्या व्हिडिओवर का थांबलात हे यंत्राला कळत नाही. थांबलात, एवढंच कळतं. कौतुकाने थांबा, रागाने थांबा, पोटात दुखलं म्हणून थांबा, त्याला सगळं सारखंच. ते यंत्र तुम्हाला तेच आणखी वाढतं."

माझ्या हातात तेव्हा खरंच वाढायची पोळी होती. मला वाटलं, हे माझ्याबद्दल बोलताहेत. जावेचे व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहायची, तिचा हात पोरीच्या खांद्यावर कसा आहे, पोर तिला टेकून उभी आहे का, तेच शोधत. म्हणून फोन उघडला की आधी जाऊच यायची. मला वाटायचं, ती मुद्दाम माझ्यासमोर येते.

पुढे साहेब म्हणाले की समाज असाच आतून कुरतडला जातोय, माणूस दुसऱ्याचं सुख पाहून आपलं घर मोजतो, त्यापेक्षा फोन ठेवून द्यावा. मुलीने त्यांच्या ताटातला पापड मोडून घेतला. त्यांनी न बघता ताट तिच्याकडे सरकवलं. त्या पापडाचाही मला हेवा वाटला. लेक हाताशी बसली असताना फोन ठेवून द्यायला काय लागतं?

भीत भीत मी विचारलं, "साहेब, ज्यांची लेकरं लांब आहेत, त्यांनी काय करायचं?"

ते माझ्याकडे वळले. म्हणाले, "पाहण्यापेक्षा बोला. थेट बोला."

मला राग येणार होता, पण ते मनापासून बोलले होते. ते बोलणं माझ्या मनात राहिलं.

म्हणून मी बोलले, पण पोरीशी नाही. दुपारी जावेला फोन लावला आणि म्हटलं, माझ्या लेकीचे व्हिडिओ टाकत जाऊ नकोस, जमाना खराब आहे. जमान्याचं निमित्त होतं. तिलाही ते कळलं असावं.

"तुमच्यासाठीच तं टाकतो मी जाऊबाई," ती म्हणाली. "इथं दुसरं कोन पायते?" आणि मग, "बरं. नाही टाकत."

तिने खरंच बंद केलं. त्यानंतर मी फोन उघडला की लोकांच्या लेकी दिसायच्या. नाचणाऱ्या, शाळेत बक्षीस घेणाऱ्या, आईच्या मांडीवर झोपलेल्या. माझी कुठेच नाही. तिकडे रोज गाणी होत होती आणि मला तिचा भांगसुद्धा दिसत नव्हता.

कोजागिरीच्या आधी मीच फोन केला. माफी मागितली नाही, खिरापतीचं बोलले. आपल्या घरची खिरापत या खेपेला मी सांगते, तू कर, आणि डबा हलवताना मला व्हिडिओ कॉलवर घे. जाऊ हसली, म्हणाली, सांगा. मी सांगितलं, शंकरपाळे, पण तिखट. आवाज ओळखतील, चव नाही ओळखणार.

आमच्या घरी गाणी होती त्या संध्याकाळी पोरींचा घोळका फोनवर वाकला. सगळ्या ओरडत होत्या, गोड शंकरपाळे. जाऊ नाही नाही म्हणत होती. माझी लेक अगदी जवळ आली, एवढी की नुसतं नाक दिसत होतं.

"आई, तुले माहीत हाय ना? सांग ना हळूच."

मी ओठ मिटून बसले. शेवटी पोरी हरल्या.

दुसऱ्या दिवशी जावेने विचारलं, थोरल्या पोराने काढलेला व्हिडिओ टाकू का. मी म्हटलं, टाक. तो मी किती वेळा पाहिला ते त्या यंत्राला ठाऊक. फोन एका पोरीच्या हातात, त्यात एवढीशी मी, आणि माझी लेक सगळं विसरून माझ्या तोंडाकडे पाहतेय. मागे जाऊ डबा घेऊन उभी. ती डबा हलवायचा थांबली होती. ती पोरीकडे पाहत होती, आणि पोर तिच्याकडे पाहत नव्हती.

जावेचं ते तोंड मी ओळखलं. रोज ओट्यापाशी माझं तसंच व्हायचं.

खोटं कशाला लिहू, आधी मला बरं वाटलं. पोळी तव्यावर करपेपर्यंत बरं वाटलं. मग गॅस बंद करून तिला फोन लावला आणि विचारलं, शंकरपाळ्यांत ओवा किती घातला होतास, पोरीला आवडले का.