ओल्या रंगावरची चादर

ही गोष्ट सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. आज समोरच्या अंगणात एक गृहस्थ आपल्या जुन्या गाडीला, दारं-खिडक्यांना लावतात तो स्वस्तातला ऑइलपेंट रोलरने लावताना दिसले, आणि आता ती सांगायलाच हवी असं वाटलं.

माझ्या धाकट्या भावाने, वसंताने, अशीच गाडी रंगवली होती. लेकीची पाठवणी त्याच गाडीतून करायची, हा त्याचा हट्ट. टर्पेंटाइनने पातळ केलेल्या रंगाचे चार हात, प्रत्येक हातानंतर दिवसभराची वाट. शेवटचा हात देऊन तो जेवायला गेला. रस्त्यावरची धूळ उडत होती. मी बोट लावून पाहिलं, रंग कोरडा वाटला, म्हणून टपावर चादर टाकली. तासाभराने ओढली, तर तिची वीण रंगात उमटलेली. मी चादर लपवली.

"दादा, रंगच हलका निघाला. माझीच कंजुषी नडली," वसंता म्हणाला.

"गाडीला घामोळं आलंय की हो!" मेहुणे हसले. मीही हसलो. लेक भाड्याच्या गाडीतून सासरी गेली.

असा रंग वरून आधी सुकतो, आत बराच काळ ओला राहतो. माणसाच्या मनात राहिलेल्या गोष्टींचंही बहुधा तसंच असावं.

वसंताच्या शेवटच्या आजारात मी त्याच्या उशाशी बसलो होतो. त्याने डोळे उघडले. "पाणी देऊ?" एवढंच मी विचारलं. म्हणायचं होतं ते वेगळंच: वसंता, चादर मी टाकली होती. तुझा रंग चांगला होता. मला माफ कर.