वास्तुशांतीचा फोटो

गाझियाबादचा फ्लॅट आम्ही बाथरूमच्या दारासाठी घेतला, असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. पडल्यापासून माझ्या सासूबाई चाकाच्या खुर्चीत आहेत. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये नवऱ्याने बाथरूमची चौकटच उखडून तिथे पडदा लावला होता. सरकारी मालमत्तेची मोडतोड त्याने आयुष्यात तेवढी एकदाच केली. आई खुर्ची ढकलत आत जायच्या, स्वतःच्या हाताने अंघोळ करायच्या, आणि कुणी मदतीला पुढे झालेलं त्यांना खपायचं नाही. नवरा निवृत्त होणार म्हणून घर शोधायला लागलो, तेव्हा नकाशात आम्ही पहिल्यांदा तेवढंच बघितलं. आईंच्या खोलीला लागून बाथरूम आणि त्याला रुंद दार. करारातल्या नकाशावर बिल्डरच्या सहीशिक्क्यानिशी ते दाखवलेलं होतं.

घर काही वेळेत होईना. गुरुजी म्हणाले, चातुर्मास लागायच्या आत वास्तुशांती उरका, नाहीतर एकदम दिवाळीनंतर. नवऱ्याने बिल्डरच्या ऑफिसात जाऊन एका दिवसापुरती किल्ली मागितली. ती लगेच मिळाली. वर मिठाईचा डबा आला आणि फोटो काढायला त्यांच्या ऑफिसातली एक मुलगीही आली. आईंच्या खोलीत दारापर्यंत टाइल्सची खोकी आणि सिमेंटच्या गोण्या रचलेल्या होत्या, त्यामुळे आत पाऊल टाकता आलं नाही. होम हॉलमध्येच झाला. आईंच्या मांडीवर कलश, मागे आम्ही दोघं, तिघंही हसतोय. फोटो खरंच छान आला होता. मीच तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

गोण्या हलल्यावर बाथरूम दिसलं. दाराच्या एका अंगाला काँक्रीटचा जाड खांब उभा होता. नकाशात तो कुठेच नव्हता. उरलेल्या फटीत खुर्ची शिरेना. खांबावर वरचे मजले उभे, म्हणजे तो तोडायची सोय नाही. साइटवरचा इंजिनिअर म्हणाला, "माताजी के लिए पॉट रख लीजिए." त्याला मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आम्ही ताबा घेतला नाही आणि घर खरेदीदारांच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्राधिकरणाकडे गेलो. नवऱ्याने कायदा पाठ केला होता. खरेदीदाराच्या संमतीशिवाय मंजूर नकाशा बदलता येत नाही, बदलला तर भरपाई मागता येते, पैसे परत घेऊन बाहेरही पडता येतं. मला वाटलं, चलो, आता एक-दोन तारखांत निकाल.

सुनावणी लॅपटॉपवर होती. बिल्डरच्या वकिलाने स्क्रीनवर आमचाच फोटो लावला आणि म्हणाला, "गृहप्रवेश हो चुका है. देखिए, माताजी कितनी खुश हैं." नवरा समजावू लागला की आमच्यात मुहूर्त साधून वास्तुशांत आधी करून घेतात, तिचा ताब्याशी संबंध नाही. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी त्याला थांबवून एवढंच विचारलं, "पूजा आपने ही करवाई थी?" उभा जन्म फायलींवर खरं तेच लिहिलेला माणूस तो. "जी हाँ," म्हणाला. पुढची तारीख पडली. मग त्याच्या पुढची.

दरम्यान क्वार्टरची मुदत संपली. खटला आणि भाडं दोन्ही झेपेना, तेव्हा ताब्याच्या कागदावर हरकत लिहून आम्ही राहायला आलो. खटला अजून चालूच आहे. आमचा वकील म्हणतो, भरपाई बहुतेक मिळेल. त्या भरपाईचं मी काय करू, हे मी त्याला विचारलं.

आता मी आईंना पलंगावर प्लास्टिक अंथरून पुसून काढते, लघवीचं भांडंही तिथेच देते. त्या सगळा वेळ डोळे मिटून असतात. आधी मला वाटलं, थकल्या असतील. मग त्यांना ताप भरला. डॉक्टर म्हणाले, लघवीचं इन्फेक्शन आहे, पाणी फार कमी पितात. मी तर दिवसभर पेले भरून देत होते. दुसऱ्या दिवशी लक्ष ठेवलं, तर माझी पाठ वळताच आईंनी पेला खिडकीतल्या कुंडीत रिकामा केला. मला रडावं की ओरडावं ते कळेना. त्या खांबावर डोकं आपटावंसं वाटलं, अगदी खरं सांगते.

मी जवळ जाऊन बसले. आई म्हणाल्या, "अगं, पुण्याला वृद्धाश्रम आहेत ना चांगले? तिथे दारं मोठी असतात म्हणे. मला तिकडे ठेवा."

"आई, हे घर तुमच्यासाठी घेतलंय," मी म्हणाले. माझा आवाज चढलाच.

"हो गं," त्या म्हणाल्या, "पण मला नाही ना राहता येत इथे."